घनपदार्थांतील ज्वलनतरंग

ज्वलन म्हटले की ज्वाळा डोळ्यांसमोर येते. ज्वाळा ही मात्र मुख्यतः जळणाऱ्या वायूंची असते. लाकूड किंवा मेण पेटते तेव्हा उष्णतेमुळे त्यातून बाहेर पडलेली वाफ व वायू जळत असतात. याउलट काही घनपदार्थांत ज्वाळेविना ज्वलन होते आणि ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पुढे सरकत जाते. या सरकत्या, तप्त पट्ट्यास ज्वलनतरंग म्हणतात. उदबत्तीच्या टोकाचा लाल निखारा हे त्याचे घरोघरी दिसणारे उदाहरण होय.

प्रत्येक ज्वलनाच्या मुळाशी उष्णतेचा जमाखर्च असतो. तापमान वाढले की रासायनिक अभिक्रियेचा वेग, आणि त्याबरोबर उष्णतेची निर्मिती, झपाट्याने वाढते. आसमंतात निघून जाणारी उष्णता मात्र तापमानातील फरकाच्या प्रमाणातच वाढते. एका मर्यादेपलीकडे निर्मिती व्ययावर मात करते आणि पदार्थ पेट घेतो. निकोलाय सेम्योनोव या रशियन शास्त्रज्ञाने १९२८ च्या सुमारास ही उपपत्ती मांडली. रासायनिक अभिक्रियांच्या यंत्रणेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९५६ मध्ये सिरिल हिन्शेलवुड यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रज्वलनासाठी बाहेरून ठिणगी हवीच असे नाही. कोळशाच्या ढिगाची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर त्यात निर्माण होणारी उष्णता आठपट होते; उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. म्हणून लहान ढीग थंड राहतो, तर मोठा ढीग हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या मंद संयोगाने आतून तापत जाऊन आपोआप पेटू शकतो. कोळशाचे साठे लहान व बुटक्या ढिगांत ठेवण्याचा दंडक याच कारणाने आहे.

एकदा पेटलेला थर शेजारच्या थंड थराला उष्णता देतो. तो थर पुरेसा तापला की स्वतः पेटतो आणि पुढच्या थराला तापवतो. उष्णतेचे वहन जितके चांगले आणि अभिक्रिया जितकी जलद, तितका तरंग वेगवान. झेल्दोविच व फ्रांक-कामेनेत्स्की यांनी १९३८ मध्ये हा संबंध गणिताने मांडला: तरंगाचा वेग या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. कांडी फार बारीक असेल, तर बाजूंनी इतकी उष्णता निसटते की तरंग वाटेतच विझतो.

काही मिश्रणांना हवेचीही गरज नसते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये ॲल्युमिनियमची पूड व लोहाचे ऑक्साइड यांच्या मिश्रणाचे, म्हणजे थर्माइटचे, एकस्व घेतले. ॲल्युमिनियम लोहाच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन हिरावून घेते आणि तापमान सुमारे अडीच हजार अंश सेल्सियसपर्यंत चढते. वितळलेले लोह मुशीच्या तळाशी साचते आणि हलकी मळी वर तरंगते. हे लोह दोन रुळांमधील फटीभोवती बसवलेल्या साच्यात ओतले की रूळ एकजीव होतात. १८९९ मध्ये जर्मनीतील एसेन शहरात ट्रामचे रूळ या रीतीने जोडण्यात आले. भारतीय रेल्वेही जागेवरच रूळ जोडण्यासाठी ही पद्धत वापरते. ऑक्सिजन मिश्रणातच असल्याने हे ज्वलन हवा तोडून विझत नाही. त्यावर पाणी टाकणे तर घातकच ठरते.

१९६७ मध्ये मॉस्कोजवळील चेर्नोगोलोव्का येथे अलेक्सांद्र मेर्झानोव, इन्ना बोरोविन्स्काया व श्किरो यांना टायटॅनियम व बोरॉन यांच्या मिश्रणात असा तरंग आढळला की ज्यात मूळ द्रव्ये, मधली अवस्था व अंतिम पदार्थ सारेच घन होते. त्यास त्यांनी ‘घन ज्वाळा’ म्हटले. एका टोकाला क्षणभर उष्णता दिली की सेकंदाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वेगाने तरंग सरकतो आणि मागे कठीण, उष्णतारोधक संयुग उरते. टायटॅनियम कार्बाइडच्या बाबतीत तापमान तीन हजार अंशांच्या आसपास पोहोचते. एरवी तासन्‌तास भट्टी तापवून मिळणारे पदार्थ असे काही क्षणांत तयार होतात. हा तरंग नेहमीच एकसारखा चालत नाही. कधी तो थबकत-उसळत जातो, तर कधी तप्त ठिपका कांडीभोवती मळसूत्रासारखा फिरत पुढे सरकतो.

दुसऱ्या टोकाला आहे धुमसणे. कापसाच्या गठ्ठ्यात, लाकडाच्या भुशात किंवा कोळशाच्या थरात हा तरंग मिनिटाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतो, कारण सच्छिद्र पदार्थातून जितका ऑक्सिजन झिरपेल तितकेच जळण शक्य असते. झारखंडमधील झरिया कोळसाक्षेत्रात १९१६ पासून आगी धुमसत आहेत. इंडोनेशियात १९९७ मध्ये पेटलेल्या पीटच्या जमिनींनी शेजारी देशांचेही आकाश धुराने झाकोळले.

धुमसणारी आग मंद म्हणून निरुपद्रवी समजणे चुकीचे आहे. अपुऱ्या ऑक्सिजनमुळे तिच्यातून गंधहीन, विषारी कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. वरून पाणी मारल्याने पृष्ठभाग थंड झाला, तरी आतला तरंग जिवंत राहतो आणि काही तासांनी वारा मिळताच भडकतो. म्हणूनच गोदामातील आग विझल्यासारखी दिसल्यावरही ढीग उपसून, पसरून, प्रत्येक थर भिजवावा लागतो. आग विझली की नाही याचा निर्णय धुरावरून नव्हे, तर ढिगाच्या पोटातील तापमानावरून करावा, हेच या शास्त्राचे व्यवहारातील सार आहे.