दुकानं कुणी बंद पाडली? गेट्सहेड नावाच्या एका गावाची गोष्ट

आजच्या एपिसोडमध्ये जरा लांब जाऊया, इंग्लंडच्या ईशान्येला. टाइन नदीच्या एका काठावर न्यूकॅसल आहे आणि समोरच्या काठावर गेट्सहेड. आज आपण गेट्सहेडला थांबणार आहोत.

ब्रिटनमध्ये गावातल्या मुख्य बाजाररस्त्याला 'हाय स्ट्रीट' म्हणतात. पुणेकरांसाठी सांगायचं तर त्यांचा लक्ष्मी रोड. कपडे, चपला, औषधं, बँक, पोस्ट, सगळं एका रस्त्यावर. गेल्या वीसेक वर्षांत या हाय स्ट्रीटवरची मोठमोठी नावं पुसली गेली. कारण विचारलं की सगळे एकच उत्तर देतात: ऑनलाइन. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडला की शेवटची एरर बघून गप्प बसायचं नाही, मागचे लॉग वाचायचे, हे आमच्या कामात पहिल्या वर्षीच शिकवतात. तर आज या दुकानांचे लॉग वाचूया.

पहिली नोंद १९८४ ची. मे महिना. गेट्सहेडमधल्या जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या आजींनी घरच्या टीव्हीसमोर बसून, रिमोटची बटणं दाबून टेस्को या दुकानातून मार्गरिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. टीव्ही टेलिफोनच्या तारेला जोडलेला होता. ही कल्पना मायकल ऑल्ड्रिच या ब्रिटिश माणसाची. घरातून केलेली जगातली पहिली ऑनलाइन खरेदी म्हणून हीच ऑर्डर सांगितली जाते. तेव्हा वर्ल्ड वाइड वेबचा पत्ताही नव्हता.

आता यातली खरी गंमत ऐका. ही योजना दुकानांशी स्पर्धा करायला नव्हतीच. ज्या म्हाताऱ्या माणसांना बाजारापर्यंत चालत जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी स्थानिक कौन्सिलच्या मदतीने चाललेला तो एक प्रयोग होता. माल गावातल्याच दुकानातून यायचा. म्हणजे ऑनलाइन खरेदी जन्माला आली ती दुकानाचा हात लांब करायला, दुकान मोडायला नाही.

दुसरी नोंद १९८६ ची. गाव तेच. गेट्सहेडच्या कडेला, वीजकेंद्राची राख टाकायच्या पाणथळ जागेवर जॉन हॉल या बिल्डरने मेट्रोसेंटर नावाचा अवाढव्य मॉल उभा केला. तिथेच का? कारण ती जागा सरकारने जाहीर केलेल्या 'एंटरप्राइझ झोन'मध्ये होती. बंद पडलेल्या कारखान्यांच्या भागात गुंतवणूक यावी म्हणून अशा झोनमध्ये दहा वर्षं मालमत्ता कर माफ होता. वर हजारो गाड्यांचं फुकट पार्किंग. मार्क्स अँड स्पेन्सर ही कंपनी पिढ्यान् पिढ्या हाय स्ट्रीटवर धंदा करत होती. गावाबाहेरचं आपलं पहिलं दुकान तिने इथेच उघडलं.

म्हणजे बघा, जुन्या बाजारातला दुकानदार कर भरतोय, त्याच्या गिऱ्हाइकाला पार्किंग मिळत नाही, आणि काही मैलांवर करमाफीत नवा बाजार उभा राहिलाय. मोबाइल अजून कुणाच्या खिशात नाही आणि गिऱ्हाईक गेलंसुद्धा!

तिसरी नोंद वूलवर्थ्सची. १९०९ साली लिव्हरपूलमध्ये सुरू झालेलं हे दुकान. चॉकलेटं, खेळणी, कॅसेट, बादल्या, काय वाट्टेल ते मिळायचं. ब्रिटनमध्ये कित्येकांच्या लहानपणाचा तो भाग होता. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ६ जानेवारी २००९ ला शेवटची दुकानं बंद झाली. एकूण ८०७ दुकानं, जवळपास २७ हजार नोकऱ्या. ख्रिसमसच्या सेलमध्ये लोकांनी मांडण्यासुद्धा विकत नेल्या.

आता प्रश्न असा की त्या वेळी ब्रिटनच्या किरकोळ विक्रीत इंटरनेटचा वाटा होता किती? साधारण ५ टक्के. शंभर पौंडांतले पाच! एवढ्याने ८०७ दुकानं बंद पडतात का? मग मागचा लॉग बघा. २००१ मध्ये मूळ मालक कंपनीने वूलवर्थ्सला वेगळं केलं. त्याच सुमारास शंभराहून जास्त दुकानांच्या इमारती विकल्या आणि त्याच इमारतींत वूलवर्थ्स भाडेकरू म्हणून राहिलं. इमारतींचे पैसे गेले मूळ कंपनीकडे, भाड्याचं ओझं राहिलं दुकानाकडे. सुपरमार्केटं तोच माल स्वस्तात विकत होती. त्यात २००८ ची मंदी आली आणि उधारी आटली. ऑनलाइनचा धक्का लागला, नाही असं नाही. पण तो आधीच खिळखिळ्या झालेल्या भिंतीला लागला.

चौथी नोंद कराची. ब्रिटनमध्ये दुकानाला 'बिझनेस रेट्स' नावाचा कर असतो. तो नफ्यावर नाही, जागेच्या भाडेमूल्यावर ठरतो. २०१० ची करआकारणी झाली ती एप्रिल २००८ च्या भाडेमूल्यांवर, म्हणजे मंदीच्या आधीच्या चढ्या दरांवर. पुढची फेरआकारणी २०१५ ला व्हायची होती, ती सरकारने २०१७ पर्यंत ढकलली. उत्तरेकडच्या गावांत भाडी पडली, धंदा पडला, पण कर जुन्याच आकड्यावर चालू. ऑनलाइन कंपनीचं गोदाम मात्र हायवेलगत, स्वस्त जागेत. तिच्या विक्रीच्या मानाने कर कमी. या शर्यतीत एकाच्या पाठीवर पोतं होतं आणि दुसरा मोकळा पळत होता, असं म्हटलं तर चुकीचं नाही.

मग स्मार्टफोन आला आणि हा सगळा वेग वाढला. २०२१ च्या सुरुवातीला, लॉकडाउनमध्ये, इंटरनेटचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षी डेबनहॅम्सची शेवटची दुकानं बंद झाली. या नावामागे दोनशेहून जास्त वर्षांचा इतिहास होता. बूहू या ऑनलाइन कंपनीने ते विकत घेतलं साडेपाच कोटी पौंडांना. काय घेतलं? ब्रँड आणि वेबसाइट. दुकानं नकोत, त्यातली माणसंही नकोत. आमच्या भाषेत, डोमेन ठेवलं आणि मशीन बंद केलं.

आणि गेट्सहेड? गावाच्या मध्यभागी ट्रिनिटी स्क्वेअर नावाचं जुनं बाजारसंकुल होतं. त्याचं काँक्रीटचं पार्किंग 'गेट कार्टर' या १९७१ च्या सिनेमामुळे प्रसिद्ध. ते २०१० मध्ये पाडलं. २०१३ मध्ये तिथे नवं संकुल उघडलं: मोठं टेस्को, सिनेमागृह आणि वरती विद्यार्थ्यांच्या खोल्या. आणि मेट्रोसेंटरची मालकी सांभाळणारी इंटू ही कंपनी? जून २०२० मध्ये तीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या मॉलने बाजाराचं गिऱ्हाईक ओढलं, त्याच्याच मालकावर ही वेळ आली.

हे सगळं ऐकून 'चला, ऑनलाइन निर्दोष सुटलं' असं मी म्हणणार नाही. स्वस्त, घरपोच आणि रात्री बारालाही उघडं असलेलं दुकान लोकांना आवडलं, यात लोकांचं काय चुकलं? मीही तिथूनच खरेदी करतो. माझा मुद्दा वेगळा आहे. 'तंत्रज्ञान आलं, दुकानं गेली' असं म्हटलं की ते पावसासारखं वाटतं, जणू कुणी काही ठरवलंच नव्हतं. पण करमाफी कुणाला द्यायची, मॉलला परवानगी कुठे द्यायची, आकारणी कधी करायची, इमारती विकून पैसा कुणाच्या खिशात घालायचा, हे माणसांनी बसून ठरवलं होतं. आणि किंमत मोजली ती काउंटरमागच्या माणसांनी आणि चालत बाजारात जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी. ज्यांच्यासाठी १९८४ चा तो प्रयोग होता, तेच!

आपल्याकडे आज दहा मिनिटांत किराणा घरी येतो आणि छोट्या शहरांतही मॉल उभे राहतायत. तर या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गावातल्या मुख्य बाजारात जा आणि एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारा, की भाडं, कर, पार्किंग आणि ऑनलाइन यातलं त्याला जास्त काय जड जातंय. उत्तर मला कळवा. चांगली उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवीन.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत ऐकत राहा!