क्वाड्रा सान क्रिस्तोबाल
मेक्सिको सिटीच्या वेशीवरील लॉस क्लुबेस वसाहतीतील घर व घोड्यांची पागा (१९६६–६८). वास्तुशिल्पी लुइस बारागान (१९०२–८८), स्वतः घोडेस्वार. सहकारी आंद्रेस कासियास. मद्रासच्या एग्मोरसारख्या भागांतील जुन्या बागबंगल्यांत पागा मागच्या आवारात असे. येथे तिचे अंगणच मुख्य, पांढरे घर काहीसे अबोल. लांबलचक गुलाबी भिंतीतल्या उंच फटींतून घोडे ये-जा करत. तांबूस जोडभिंतीच्या पोटातून आलेले पाणी उथळ हौदात कोसळते आणि घोडे त्यातच उतरत. या धारेमागे बारागान यांनी बालपणी खेड्यात पाहिलेल्या लाकडी पन्हळींची आठवण आहे. छायाचित्रांत रंगच डोळ्यांत भरतो. खरे काम मात्र सावल्या करतात. बारागान यांना १९८० मध्ये वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. भारतात तो प्रथम पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना २०१८ मध्ये लाभला.