कलावंताच्या दुखण्याचा वाटेकरी

'विमा' हा शब्द आपण फारशीतून घेतला, आणि त्याचे मूळ भयाचा अर्थ सांगणाऱ्या शब्दात आहे, असे कोशकार म्हणतात. तारू बुडेल, माल लुटला जाईल, हे व्यापाऱ्याचे भय होते. ते भय त्याने एकट्याने न बाळगता दहाजणांत वाटून टाकले, म्हणजे विमा झाला. तेव्हा विम्याचा इतिहास हा वस्तुतः वाटेकऱ्यांचा इतिहास होय. कलावंत आजारी पडला असता त्याच्या दुखण्याचा वाटेकरी कोणत्या काळी कोण होता, याचा शोध घेण्याचा आमचा येथे विचार आहे. प्रश्न आजचा आहे. शिमग्यात नमन रंगविणारा मृदंग्या, गौरीगणपतीत जाखडी नाचणारा गडी, गणपतीच्या शाळेत माती मळणारा मूर्तिकार, कंत्राटदाराच्या नाटकातील नट, यांपैकी कोणीही आज आरोग्यविमा उतरविण्यास निघाला म्हणजे हप्त्याचा आकडा पाहून परत फिरतो. परंतु ही गोष्ट आजच का इतकी कठीण व्हावी, हे इतिहासावाचून कळत नाही.

पहिला वाटेकरी राजा. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. आश्रितास अन्न, वस्त्र आणि संस्थानच्या वैद्याचे औषध, या तिन्ही गोष्टी एकाच हाताने मिळत असत. तो हात १८५१ साली चिंतामणरावांच्या निधनाने नाहीसा झाला, आणि भाव्यांस खेळ घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईस त्यांनी तिकिटे लावून प्रयोग केले, ही घटना आपल्या नाट्येतिहासात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, व ते यथार्थच आहे. तथापि त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कलावंताचा आश्रयदाता जाऊन त्याच्या जागी प्रेक्षक आला. प्रेक्षक खेळाचे पैसे देतो. नटाच्या तापाचे देत नाही.

दुसरा वाटेकरी नाटकमंडळी. मंडळी म्हणजे एक फिरते कुटुंबच. बिऱ्हाड एक, पंगत एक, मालक एक. चार दिवस नट अंथरुणावर पडला तर त्याची जेवणाची पत्रावळ उचलली जात नसे, आणि हेच तेव्हा बरेच होते. कारण त्या काळी आजाराचा मोठा खर्च औषधाचा नव्हता, बुडालेल्या मिळकतीचा होता. वैद्यकाच्याच हाती फारसे नव्हते, तेथे बिल मोठे होणार कसे? या संबंधात १९२१ सालची आठवण आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. त्या वर्षी ८ जुलै रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. राष्ट्रकार्यासाठी मदतीचा प्रयोग करणारे कलावंत आपल्याकडे अनेक झाले. कलावंताच्या दुखण्यासाठी अगोदरपासून तरतूद करून ठेवणारे राष्ट्र मात्र झाले नव्हते. अर्थात् पैशाने केशवराव वाचले असते असे नव्हे. विषमज्वरावरचे हमखास औषध १९४८ नंतर हाती आले. ते आले तेव्हा मृत्यू मागे हटला, पण त्याच पावलाने बिलही पुढे सरकले. वैद्यक जसजसे समर्थ होत गेले, तसतसा विमा अपरिहार्य होत गेला. आणि नेमक्या त्याच सुमारास मंडळ्या मोडल्या होत्या. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला आणि पुढील दहा वर्षांत एकामागून एक बिऱ्हाडे उठली. मंडळीच्या पगाराऐवजी 'नाईट' आली. प्रयोग झाला तर पैसे, न झाला तर नाही. नाईटच्या हिशेबात दुखण्याचा रकानाच नसतो.

तिसरा वाटेकरी मात्र रत्नागिरीकरास चांगला परिचित आहे. तो म्हणजे गिरणी. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ सालच्या अहवालावरून १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याचा अंमल सुरू झाला आणि १९५४ साली तो मुंबईस पोहोचला. या कायद्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्गणीचा काही भाग कामगाराचा, पण मोठा भाग मालकाचा. आज तो मजुरीच्या शेकडा ३.२५ मालकाचा व ०.७५ कामगाराचा असा आहे. मोबदल्यात औषधोपचार तर मिळतोच, शिवाय आजारपणात ठरावीक दिवस मजुरीचा शेकडा ७० भाग रोख मिळतो. म्हणजे बिल आणि बुडालेली मिळकत ही दोन्ही दुखणी या कायद्याने ओळखली.

आता गिरणगावात राहणारा माणूस कोण होता, हे पाहावे. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील चाकरमान्यांचा भरणा मोठा. दिवसा तो साच्यावर उभा राही, आणि रात्री चाळीच्या चौकात नमनाची तालीम करी. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके रंगत. शिमग्याला रजा काढून तो गावी येई, आणि संकासुराचा मुखवटा चढवी. हा मनुष्य विम्याचा धनी होता. पण तो विणकर म्हणून, संकासुर म्हणून नव्हे. कोकणच्या लोककलेस पाऊणशे वर्षांत जो काही आरोग्यविमा लाभला, तो असा पाठच्या दाराने लाभला. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्याच उरल्या नाहीत. त्यात रोजगार गेला हे सर्वांनी लिहिले आहे. परंतु ज्या दिवशी हजेरीपटावरून नाव गेले, त्याच सुमारास दवाखान्याचा हक्कही गेला, आणि गावी परतलेल्या मृदंग्याच्या गळ्यात केवळ मृदंग राहिला, हे फारसे कोणी लिहिले नाही.

याच नियमाचे दुसरे उदाहरण आमच्या गावच्या हौशी रंगभूमीचे. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली, आणि रत्नागिरीने तीत सातत्याने उत्साह दाखविला. त्या रंगमंचावर शिक्षक, बँकेतील कारकून, वीजखात्यातील नोकर उभे राहतात. त्यांच्या दुखण्याचा भार कमीअधिक प्रमाणात त्यांची कचेरी उचलते. जो मात्र नोकरी सोडून सर्वस्वी कलेस वाहून घेतो, त्याच्यामागे कोणी नाही. हौसेस संरक्षण आणि व्यवसायास उपेक्षा, असा हा विपरीत न्याय आहे. आणि त्याचे कारण कोणाची दुष्टबुद्धी नसून कायद्याने विमा नोकरीच्या खुंटीस टांगला, हे आहे.

खुंटी नसलेल्यांसाठी दोन वाटा निघाल्या. एक बाजाराची. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला. त्यात मनुष्य एकटा कंपनीसमोर उभा राहतो, आणि वाटेकरी मालक नसल्यामुळे संपूर्ण हप्ता त्यालाच भरावा लागतो. वय वाढते तसा हप्ता वाढतो, म्हणजे गळा बसू लागला, गुडघे कुरकुरू लागले, कार्यक्रम घटू लागले, की नेमका तेव्हाच. अलीकडे काही अडथळे दूर झाले, हे मान्य केले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर नवा विमा उतरविण्यास नियमांची आडकाठी राहिली नाही, आणि जुन्या विकारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील शेकडा १८ कर उठला. पण २०२५ सालच्या या सवलतीत सामूहिक विमा आला नाही. म्हणजे जे एकत्र येऊन स्वस्ताई साधू पाहतात, त्यांच्याच माथी कर राहिला.

दुसरी वाट सरकारची. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि दुसऱ्या फेरीत, २०१३ साली, रत्नागिरीस आलेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आरंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर वर्षाला दीड लक्ष रुपयांपर्यंत असलेले हे छत्र, २०२३ च्या निर्णयाने, पाच लक्षांपर्यंत आणि सर्व कुटुंबांपर्यंत विस्तारले. हा उपकार लहान नव्हे. हृदयाची शस्त्रक्रिया वा कर्करोग यांत आज अनेक कलावंतांची घरे त्याने तारली जाऊ शकतात, आणि ज्या कलावंताने अद्याप आपली कागदपत्रे नीट केली नसतील त्याने ती आधी करावी, असे आमचे सांगणे आहे. परंतु ही योजना ठरावीक उपचारांची व ठरावीक रुग्णालयांची आहे. घरी राहून महिनोन्महिने घ्यावयाच्या औषधाचा खर्च आणि बुडालेला हंगाम, यांची भरपाई तीत नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांस सरकार १९५४-५५ पासून मानधन देते, पण ते उतारवयातील सन्मान आहे. तरण्या नर्तकाचा मोडलेला पाय त्यात बसत नाही.

येथे कोणी म्हणेल, कलावंतास मालकच नाही, तर वर्गणी कोणाकडून घेणार? या आक्षेपास उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवले आहे. बाजारातील हमालास तरी एक मालक कोठे होता? सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसरीचे. तथापि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला, मंडळे स्थापन झाली, आणि पोते ज्याचे असेल त्याने मजुरीखेरीज ठरावीक आकार मंडळात भरावा असे ठरले. त्यातून हमालास भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय साहाय्य लाभले. अनेक मालक असले तरी एक वाटेकरी निर्माण करता येतो, हा शोध आपल्याच भूमीत, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसासाठी लागला. जर्मनीने हेच तत्त्व कलावंतास लावले. तेथे १९८१ साली कायदा झाला आणि १९८३ पासून तो अमलात आला. सामाजिक विम्याचा अर्धा हप्ता कलावंत भरतो. उरलेल्या अर्ध्यापैकी शेकडा ३० प्रकाशक, नाट्यगृहे, कलादालने अशा कलेचा उपयोग करणाऱ्या संस्था देतात, आणि शेकडा २० सरकार. त्यासाठी संस्थांनी कलावंतास दिलेल्या मानधनावर २०२५ साली शेकडा ५ आकार घेतला गेला.

हा आकार आमच्याकडे कोणी द्यावा? नाटकाचा निर्माता, कार्यक्रमाचा कंत्राटदार, मालिका काढणारी कंपनी, सुपारी देऊन खेळ नेणारी उत्सवसमिती. गावच्या समितीस तो जड होईल ही शंका अस्थानी नाही. तेव्हा लहान समित्यांस सूट द्यावी, आणि त्यांचा वाटा सरकारने उचलावा. कायदा होईतो हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. केवळ विम्यासाठी जमविलेल्या टोळीस सामूहिक विमा मिळत नाही; पण नमनमंडळे ही विम्यासाठी निर्माण झालेली नाहीत, ती पिढ्यांची आहेत. तालुक्यातील मंडळांनी रीतसर नोंदणी करून संघ केला, प्रत्येक सुपारीत एक लहान रक्कम 'दुखण्याची' म्हणून वेगळी मागितली, तर सामूहिक हप्ता आवाक्यात येऊ शकेल, व कर उठविण्याची मागणीही संघाच्या तोंडून अधिक जोराने होईल.

नमनाची सुपारी ठरविताना मृदंगाची शाई, मुखवट्याचा रंग, गाडीचे भाडे, या सर्वांचा हिशेब आपण बिनतक्रार मान्य करतो. तो मृदंग वाजविणाऱ्या हाताचा आकडा त्या कागदावर अद्याप यावयाचा आहे.