हरणांसाठीची पेरणी

अमेरिकेत उन्हाळा सरत आला की शिकारी आणि जमीनमालक रानातल्या मोकळ्या तुकड्यांत गहू, राय, ओट, क्लोव्हर, सलगम पेरतात. या पिकाची कापणी होत नाही. हरणांनी ते उभेच खायचे असते. महाराष्ट्रातला शेतकरी ज्या जनावरांना रात्रभर माळ्यावर बसून हाकलतो, त्यांच्या जातभाईंसाठी तिथे मुद्दाम नांगर चालतो.

या प्रथेचे मूळ जुने आहे. तिथल्या मूळ रहिवासी जमाती रानाचा काही भाग ठरवून जाळत. राखेतून कोवळा पाला फुटला की हरणे तिकडे वळत. युरोपीय वसाहतींनंतर कातड्यांचा व्यापार, बाजारासाठी होणारी शिकार आणि जंगलतोड यांनी कळप संपवत आणले. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे देशभरात जेमतेम ३ ते ५ लाख उरली होती. बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला त्याच वर्षी लेसी कायद्याने बंदी घातली. ऑल्डो लिओपोल्ड यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ १९३३ मध्ये आला आणि नुसत्या बंदीपलीकडे जाऊन प्राण्यांच्या अधिवासाची मशागत करण्याचा विचार रुजला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीवकार्याकडे वळवला. या कायद्याइतके हरणांच्या भल्याचे काम क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

हरणे पुन्हा वाढली, तसा प्रश्न बदलला. संख्या पुरेशी होती. आता कळप निरोगी हवा होता. अल ब्रदर्स आणि मर्फी रे या टेक्सासच्या जीवशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहून कोवळे नर राखण्याचा, माद्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा आणि चारा सुधारण्याचा आग्रह धरला. १९८८ मध्ये साउथ कॅरोलिनात जो हॅमिल्टन यांनी याच विचाराची संस्था उभारली. हरणांसाठी खास बियाणे विकणारा धंदाही याच काळात फोफावला.

पेरणीचे तंत्र मात्र शेतकऱ्याचेच. रानातली माती बहुधा आम्लधर्मी, म्हणून आधी परीक्षण, मग चुना. तृणधान्ये लवकर उगवून कोवळा चारा देतात. सलगमाची पाने कडाक्याच्या थंडीनंतर गोड होतात आणि बाकीचे रान सुकले तरी हिरवी राहतात. शेतात तारेच्या जाळीचा एक छोटा गोल पिंजरा रोवतात. आत पीक गुडघाभर आणि बाहेर जमिनीलगत कुरतडलेले दिसले, की हरणे किती खातात ते कळते.

मक्याचे ढीग टाकून आमिष दाखवणे आणि पेरणी करणे यांत अनेक राज्यांचे कायदे फरक करतात. कोलोरॅडोत १९६७ मध्ये प्रथम आढळलेला, हरणांचा मेंदू पोखरणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा रोग लाळेतूनही पसरतो. एकाच ढिगावर तोंडे घालणाऱ्या हरणांना त्याचा धोका अधिक. पेरलेले शेतही जंगलाची जागा घेऊ शकत नाही. ज्या वर्षी ओकची फळे भरपूर गळतात, त्या वर्षी हरणे पेरलेल्या तुकड्याकडे फारशी फिरकत नाहीत.