थॉमस वेड यांचे ग्रंथ आणि जाइल्स यांची सूची

इ. स. १८८६ मध्ये सर थॉमस वेड यांनी चीनमध्ये जमविलेला आपला ग्रंथसंग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयास अर्पण केला. चिनी पुस्तकांचे ते ४,३०४ खंड होते. पेकिंगमध्ये ब्रिटनचे वकील म्हणून राहिलेल्या ह्या गृहस्थांचे आडनाव मराठी कानांस त्यांच्या ग्रंथप्रेमाला साजेसेच वाटेल! १८८८ साली ते केंब्रिजमध्ये चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक झाले आणि १८९५ मध्ये निवर्तले. परंतु छापील सूचीवाचून एवढा संग्रह म्हणजे कुलूपबंद पेटारा. त्याची किल्ली घडविली ती हर्बर्ट जाइल्स यांनी.

जाइल्स यांचा जन्म १८४५ मध्ये ऑक्सफर्ड येथे झाला. १८६७ साली ते चीनमधील ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत शिरले. अफूच्या युद्धांनंतर लादलेल्या तहांनी जी बंदरे परकीयांस खुली झाली, तेथे आपल्या देशाच्या व्यापाऱ्यांचे तंटे आणि जहाजांचे कागद पाहणे हे अशा अधिकाऱ्यांचे नित्याचे काम. ह्या अन्याय्य व्यवस्थेनेच त्यांना चीनमध्ये आणले, हे विसरून चालणार नाही. दफ्तरातून उरलेला वेळ मात्र त्यांनी चिनी वाङ्मयास दिला. फू सुंग-लिंग यांच्या अद्भुतकथांचे त्यांचे भाषांतर १८८० मध्ये निघाले. ते वाचनीय आहे. पण मुळातील शृंगार व्हिक्टोरियन संकोचापायी गाळला गेला, ही त्यातील मोठी उणीव. १८९२ मध्ये त्यांचा चिनी-इंग्रजी कोश बाहेर पडला. त्यात सुमारे १३,८०० अक्षरचिन्हे होती. उदाहरणे विपुल, परंतु ती कोणत्या ग्रंथातली, हे बहुधा सांगितलेले नाही.

१८९३ मध्ये जाइल्स सेवानिवृत्त झाले. वेड यांच्या जागी १८९७ साली त्यांची निवड झाली आणि पुढच्याच वर्षी वेड-संग्रहाची सूची प्रसिद्ध झाली. नव्या प्राध्यापकाने आधी हे रुक्ष काम हाती घ्यावे, ह्यातच त्यांची दृष्टी दिसते. त्यांचा स्वभाव तापट, लेखणी तिखट. समकालीन पंडितांशी वाद नेहमीचेच. विद्यार्थी मोजकेच लाभले, तरी १९३२ पर्यंत त्यांनी ते अध्यासन सांभाळले. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले.

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची वेड यांची पद्धती जाइल्स यांनी आपल्या कोशात सुधारून वापरली; ती पुढे दोघांच्या जोडनावाने रूढ झाली. मराठी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे छापलेले ‘माओ त्से-तुंग’ आणि ‘चौ एन-लाय’ हे त्याच पद्धतीतून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आले.