एक कॅमेरा, दहा टीव्ही : मंडपात मागच्या माणसाला चित्र कसं दिसतं? इसार देण्याआधी वाचा

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तेवढा मोठा मंडप असो की गावचा सप्ताह, मागे बसलेल्यांना व्यासपीठ नीट दिसत नाही. म्हणून आता ठिकठिकाणी टीव्ही लागतात. पैसा वर्गणीचा असतो, म्हणून काय घेतोय ते कळायला हवं.

तीन डबे, तीन कामं
- स्विचर (मिक्सर) : दोन-तीन कॅमेऱ्यांतून कोणतं चित्र दाखवायचं ते निवडतो.
- स्प्लिटर : एकच चित्र सगळ्या टीव्हींना वाटतो. कीर्तन, लग्नाला एवढं पुरतं.
- मॅट्रिक्स : कोणत्याही टीव्हीवर वेगळं चित्र देतो. महाग असतो, गरज नसेल तर घेऊ नका.

वायर किती लांब?
साधी एचडीएमआय वायर 10-15 मीटरच्या पुढे भरवशाची नाही. चित्र लुकलुकतं, नाहीतर जातं. त्यापुढे कॅट-6 वायर आणि एक्स्टेंडर लावतात, ते साधारण 50-60 मीटर चालतं. एसडीआय वायर चांगली असेल तर 100 मीटरपर्यंत जाते. टीव्ही जास्त असतील तर केबलवाल्याची पद्धत सोपी : मॉड्युलेटर लावून कोएक्सियल वायरीवर एक चॅनल सोडायचा, सगळे टीव्ही त्यावर लावायचे.

यूट्यूब लाईव्ह टीव्हीवर लावू नका
त्यात चित्र काही सेकंद मागे पडतं. भोंग्यात महाराजांचा अभंग संपतो आणि टीव्हीवर तोंड हलतच असतं. शिवाय गर्दीत मोबाईलची रेंज बसते.

लाईट आणि जीव
43 इंची टीव्हीला साधारण 100 वॅट लागतात, म्हणजे दहा टीव्हींना एक किलोवॅट धरा. लाईट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद पडतो, म्हणून त्याला यूपीएस हवाच. मंडपाच्या लोखंडी खांबांना जोड दिलेली वायर टेकू देऊ नका. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर लाईट जोडूच देऊ नका. पाय अडकून पडू नये म्हणून वायर रस्त्यातून नको, वरून न्या.

मॅच दाखवायची असेल तर
कॉपीराईट कायदा 1957 च्या कलम 37 प्रमाणे परवानगीशिवाय पैसे घेऊन प्रक्षेपण दाखवता येत नाही.

ठरवताना विचारा
टीव्ही किती, वायर कोणती, यूपीएस व आरसीसीबी कोण आणणार? कागदावर लिहून घ्या. आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सगळे टीव्ही तासभर चालवून बघा.