माप शिगोशीग नको

'दारू' या शब्दाचे मराठीत मोठे विचित्र झाले आहे. आज तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. पण जुन्या कागदांत एखाद्या किल्लेदाराने दारू मागवल्याचा उल्लेख आला, तर ती बंदुकीची, तोफेची दारू समजायची. तो अर्थ पुरता पुसला गेलेला नाही. आपण 'दारूगोळा' म्हणतो, जत्रेत 'शोभेची दारू' उडवतो आणि मुंबईत माझगावच्या बाजूला 'दारूखाना' नावाचा भाग आजही आहे. मी बोलणार आहे ते या दारूबद्दल. खरे तर तिच्यापेक्षा तिच्या मापाबद्दल.

प्रश्न साधा आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू भरायची ती मापाने की वजनाने?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, आजोळी भेटला. आमचे आजोळ मुरबाड तालुक्यातले. कल्याणहून एस.टी.ने जायचे. डोंगराच्या कुशीतली भातशेती, त्यामुळे रानडुकरांचा त्रास ठरलेला. थोरल्या मामांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या रक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि ते गजाने ठासायचे. म्हणून 'ठासणीची'. मामांच्या दारूच्या शिंगाला सुतळीने एक लहानसे पितळी माप बांधलेले असे. त्या मापाने एकदा दारू घ्यायची, बोट फिरवून सपाट करायची आणि नळीत ओतायची. तराजू त्या घरात होता, पण तो हिरड्यासाठी. दारूसाठी तो कधी कोणी काढला नाही.

मी तेव्हा शाळेत होतो आणि नुकतेच 'वस्तुमान' आणि 'आकारमान' शिकलो होतो. मला मामांची पद्धत अडाणीपणाची वाटली. मी तसे बोलूनही दाखवले. मामा म्हणाले, "भाच्या, रात्री बांधावर दिवा नसतो. तागडी कुठे टांगू?"

मामांच्या या एका वाक्यात तीन-चारशे वर्षांचा युद्धइतिहास आहे, हे मला फार पुढे कळले.

आपल्याकडे माप आणि वजन या दोन्ही पद्धती एकाच वेळी नांदत होत्या. 'शेर' हा एकच शब्द घ्या. एक मापी शेर होता आणि एक वजनी शेर. धान्य मापाने जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सोनेचांदी वजनाने जाई. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. शिवाय मुंबईचा वजनी शेर वेगळा, पुण्याचा वेगळा. १९५६ चा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली आणि हा गोंधळ हळूहळू मिटला. तोवर दारूसारख्या वस्तूचे करायचे काय, धान्यासारखी मापायची की सोन्यासारखी तोलायची, हा खराच प्रश्न होता.

शिपायापुरते उत्तर स्पष्ट होते. वाऱ्यात, अंधारात, समोरून गोळ्या येत असताना कोणी तराजू धरू शकत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले बंदूकधारी खांद्यावरच्या पट्ट्याला लाकडी नळकांडी अडकवून हिंडत. एका नळकांड्यात एका बाराची दारू. तोफेसाठी लांब दांड्याचे तांब्याचे पळे असत. तांब्याचे अशासाठी की घासले तरी ठिणगी पडू नये. वेगळे माप ठेवण्याचे आणखी एक कारण होते. आधीच्या बाराची एखादी ठिणगी नळीत धुमसत राहिलेली असते. शिंगातून थेट ओतायला गेले, तर पेट घेऊन सगळे शिंगच हातात फुटायचे. मधे माप असले, तर पेटली तरी तेवढ्या मापापुरतीच दारू पेटते.

निसर्गाचीही थोडी मदत होती. दाणेदार काळी दारू पाण्याइतकीच, म्हणजे एका घनसेंटिमीटरला जवळपास एक ग्रॅम भरते. तिचा स्वभावही जरा सोसणारा असतो. चार दाणे कमीजास्त झाले, तर आवाजात फरक पडतो, पण अनर्थ होत नाही.

मग वजनाची गरज कुठे आली? ती आली कोठारात. दारूत सोरा, गंधक आणि कोळसा या तीन गोष्टी. त्यांचे प्रमाण मापाने ठरवता येत नाही. कोळशाची पूड भुसभुशीत, सोरा जड. तिथे तराजूच हवा. युरोपी तोफखान्यांत अठराव्या शतकात मोठ्या तोफेला गोळ्याच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश दारू, असा हिशेब चाले. बारा पौंडांचा गोळा असेल तर चार पौंड दारू. खर्चाचा हिशेब, खरेदी, रवानगी, सगळे वजनावर.

पण वजनाचाही एक दगा असतो आणि तो आपल्या कोकणपट्टीइतका कुणाला ठाऊक असणार? ठाण्याच्या खाडीवर किंवा कल्याणच्या दुर्गाडीखाली जुलै महिन्यात उभे राहा. हवा पिळली तर पाणी निघेल. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, त्यात मिठाचा अंश राहिला असेल, तर दारू ओल धरते. ओली दारू वजनाला जास्त भरते आणि कामाला कमी येते. तराजू सांगतो, माल पुरा आहे. बंदूक सांगते, नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, याची काळजी दिसते. दारूखाना घरांपासून दूर असावा, त्याला तळघर असावे, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, मग पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्यातला दंडक. ज्यांनी हा दंडक घातला, त्यांना कोठारातला आकडा आणि कोठारातली ताकद यांतला फरक पक्का ठाऊक होता.

इथल्या लढायांच्या तारखा पाहा. मराठ्यांनी ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले ते १७३७ च्या मार्चअखेरीस. चिमाजी अप्पांसमोर वसई शरण आली ती मे १७३९ मध्ये, पावसाच्या तोंडावर. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो २८ डिसेंबर १७७४ ला. सगळे कोरड्या महिन्यांत. याला कारणे अनेक. पुराच्या नद्या, चिखलाच्या वाटा, खवळलेला समुद्र. पण दारू कोरडी राहणे हेही त्यांतले एक. त्या ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. कोर्टनाक्यावरून त्या भिंतीपाशी रोज हजारो माणसे जातात. आतल्या दारूखान्यात कुणीतरी दारू वाळवत बसलेला असेल, असे कुणाच्या मनातही येत नसेल.

पुढे इंग्रजांच्या फौजेत कागदी काडतूस रुळले आणि शिपायाच्या हातून मापणेच गेले. १८५७ मध्ये गाजलेल्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसात अडीच ड्रॅम दारू असे. आपल्या हिशेबात साधारण साडेचार मासे. शिपायाने काडतूस फाडायचे आणि ओतायचे. पण ही काडतुसे भरणारा कारागीर काय करी? तो प्रत्येक वेळी तोलत नसे. नेमक्या वजनाची दारू मावेल असे धातूचे माप आधी करून घेतलेले असे आणि त्या मापाने तो भराभर भरत जाई. एकदा वजन, हजारदा माप. माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. माप आणि वजन यांचे भांडणच नव्हते. प्रत्येक चांगल्या मापामागे कुठेतरी, कुणीतरी, एकदा नीट धरलेला तराजू असतो.

हे उत्तर मात्र काळ्या दारूपुरतेच. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू बनवली. तितक्याच आकारात तिची ताकद कितीतरी जास्त. ती तोलूनच वापरावी लागते, आणि ठासणीच्या बंदुकीत तर ती घालायचीच नसते. जुन्या मापाने नवी दारू भरणाऱ्यांनी जगभर हात आणि डोळे गमावले आहेत.

आता मामांकडे परत येतो. एका पावसाळ्याअखेर त्यांचे ते पितळी माप बांधावर कुठेतरी हरवले. भात पोटरीला आलेले आणि डुकरे रोज येत होती. शेजाऱ्याने आपले माप दिले. त्याची बंदूक मोठ्या नळीची. शिवाय त्या रात्री घाई होती, बोट फिरवायचे राहिले आणि माप शिगोशीग भरले गेले. आमच्या आजीच्या घरात माप सपाट देणे म्हणजे कंजूषपणा. दारात आलेल्याला तांदूळ घालायचे ते शीग लावूनच. तोच हात, तीच सवय. नळी जुनी, आतून गंजलेली. ती खालच्या अंगाला फाटली. मामांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. नळी नवी असती तर कदाचित निभावलेही असते.

हरवलेले माप पुढच्या नांगरणीत सापडले. मी तोवर डोंबिवलीत विज्ञान शिकवू लागलो होतो. दोन्ही मापे मी शाळेच्या प्रयोगशाळेत आणली, त्यांत मोहरी भरली आणि तोलली. शेजाऱ्याच्या सपाट मापात मामांच्या मापाच्या जवळजवळ दीडपट मोहरी बसली. शीग लावल्यावर आणखी जास्त. दोन चिमुकल्या पितळी टोपणांतला तो फरक नुसत्या डोळ्यांना कळत नव्हता. काट्याने तो लगेच दाखवला.

मी हा आकडा मामांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले. आपले माप हातात घेऊन उजव्या हाताचे बोट त्याच्या काठावरून सवयीने फिरवले आणि म्हणाले, "म्हणजे हे बरोबर होतं."

होते. ज्याने कुणी ते माप त्या बंदुकीसाठी पहिल्यांदा करून दिले, त्याने आपले काम चोख केले होते. तो कोण, ते मामांनाही ठाऊक नव्हते. बंदूक त्यांना वडिलांकडून आली होती आणि माप बंदुकीबरोबर आले होते. त्या दिवशी मी मामांची क्षमा मागितली, शाळकरी वयात त्यांना अडाणी ठरवल्याबद्दल. ते हसले. मग त्यांनी ते माप मला देऊन टाकले. बंदूक पोलिसांकडे जमा झाली होती, त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

दरवर्षी आठवीच्या वर्गात आकारमानाचा धडा आला की मी ते बाकावर ठेवत असे.